मागे सरकलेली शीव

खूप खूप जुन्या काळची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. लहानांनो, तुम्ही ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच लक्ष देऊन ऐका.

त्या राज्यात एका माळावर तीन गावांच्या शिवा येऊन मिळत. एक देवळाचं गाव, एक बाजाराचं गाव आणि तिसरं थोरल्या पाटलांचं गाव. माळावर काही झोपड्या होत्या. तिथे केवडा नावाची बाई आणि तिच्या सोबतिणी राहत. कुणी दुष्काळात विकली गेलेली, कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणाला घरच्यांनीच आणून सोडलेलं. देह विकून त्या पोट भरत. विकत घेणारे कुठून येतात, हे विचारायची गरजच नव्हती. तिन्ही गावांतून तीन पायवाटा माळाकडे जात, आणि त्या वाटांवर कधी गवत उगवलं नाही.

मधूनमधून राजाचे शिपाई येत आणि बायकांना फटके मारत. पुरुषांना कुणी काही म्हणत नसे. एखादा सापडलाच, तर तो म्हणायचा, "माझा बैल हरवलाय हो. शोधायला आलो होतो."

तिन्ही गावांत मिळून जेवढे बैल नव्हते, तेवढे त्या माळावर हरवत.

ही गोष्ट राणीच्या कानावर गेली. ती राजाला म्हणाली, "टाळी दोन हातांनी वाजते. मग फटके एकाच हाताला का?"

राजा न्यायी होता, निदान न्यायी म्हणवून घ्यायची त्याला हौस होती. त्याने दवंडी पिटवली: "ज्या गावाच्या शिवेत या बायका राहतात, त्या गावाने त्यांना जागा नेमून द्यावी. नेमलेल्या जागेत कुणालाच शिक्षा नाही. विहीर, वैद्य, सुईण, जे गावाला मिळतं ते त्यांनाही मिळेल. नेमलेल्या जागेबाहेर मात्र दोघांनाही शिक्षा. बाईलाही आणि पुरुषालाही."

तिन्ही गावांनी माना डोलावल्या. "वा! असा कायदा हवाच होता," सगळे म्हणाले.

केवडाला हे खरं वाटेना. तिच्यासोबत बकुळा नावाची एक कोवळी पोर होती. तिला दिवस गेले होते, आणि अंगात रक्त असं नव्हतंच. बकुळेसाठी सुईण मिळेल, एवढाच त्या कायद्याचा अर्थ केवडाला कळला. ती सरळ गावसभेत जाऊन उभी राहिली.

बाजाराच्या गावचे शेटजी म्हणाले, "आमची काही ना नाही. पण जागा देवळाच्या गावाने द्यावी. दयाधर्म तिथे जास्त."

"शिव शिव!" देवळाचे पुजारी म्हणाले. "देवाच्या दारात? तुमच्या बाजारात द्या की. तिथे सगळंच विकतात."

"तोंड सांभाळा, गुरुजी! माझ्या दुकानात लेकीसुना येतात."

थोरले पाटील मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "केवडे, एवढी घाई काय आहे? बघू, ठरवू सावकाश."

"पाटील, मला घाई नाही," केवडा म्हणाली. "बकुळेला आहे. तिचे दिवस भरत आलेत. भिवराई सुईणीला तिच्याजवळ येऊ द्या. बाकीचं सगळं सावकाश ठरवा."

मागून कुणीतरी ओरडलं, "आधी बाप कोण ते विचार तिला!"

सभा खो खो हसली.

केवडा मागे वळली. "विचारते की. हात वर करा."

हसू जागच्या जागी थांबलं.

तेव्हा पाटलांना एक युक्ती सुचली. आता ही युक्ती त्या गावांनाच सुचू शकली असती, कारण शीव म्हणजे त्यांचा जीव होता. दरवर्षी ते शिवेच्या दगडांना शेंदूर लावत, नारळ वाढवत. हातभर जमिनीसाठी तिथे डोकी फुटली होती. शिवेचा दगड पुढे सरकवणं हे सगळ्यांत मोठं पाप.

"पुढे सरकवायचा नाही," पाटील म्हणाले. "मागे घ्यायला कुणाची मनाई आहे? दुसऱ्याची जमीन ढापणं हे पाप. आपली सोडणं हे तर दान!"

दुसऱ्या दिवशी तिन्ही गावांनी पहारी आणल्या, दगड उपटले, गाड्यांवर घातले आणि मागे नेऊन पुरले. जे भाऊ हातभर बांधासाठी एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, तेही या कामाला खांद्याला खांदा लावून उभे राहिले. माळ कुणाचाच उरला नाही. मग तिन्ही गावांनी राजाला निरोप धाडला, "महाराज, आमच्या शिवेत अशी एकही बाई नाही."

राजाला आनंद झाला. त्याने तिन्ही गावांना शेले पाठवले.

भिवराई ही तिन्ही गावांची मिळून एकच सुईण होती. म्हातारी, एकटी. तिन्ही गावं तिला बलुतं देत, म्हणजे सुगीला वाट्याचं धान्य देत, आणि त्यावरच तिची चूल पेटे. गावचं बलुतं खाणाऱ्याने शिवेबाहेर काम करायचं नाही, अशी तिथली रीत होती.

एका सकाळी बकुळेला कळा सुरू झाल्या. केवडा शिवेपर्यंत धावत आली आणि हाका मारू लागली. भिवराई हातातलं काम टाकून निघाली. पण शिवेच्या दगडाशी पाटील उभे होते.

"भिवराई, पाऊल बाहेर पडलं तर परत आत यायचं नाही. बलुतंही बंद."

"अहो पाटील, तुमचीसुद्धा नाळ मीच कापली."

"म्हणूनच सांगतोय. ते हात तिथे लावून पुन्हा आमच्या लेकीसुनांना लावणार का?"

या वयात उपाशी राहायचं भय मोठं असतं. भिवराई दगडाशी थांबली. केवडा झोपडीकडे परत धावली, आणि भिवराई तिथूनच ओरडून सांगू लागली, "केवडे, पाणी उकळ! तिला कुशीवर घे! डोकं दिसतंय का? ओढू नकोस गं, ओढू नकोस!"

आरडाओरडा ऐकून माणसं गोळा झाली. डोळे मिटूनही माळाची वाट सापडेल, असे त्यांत कितीतरी होते. पण तो लख्ख उजेड होता. एक तरुण तर वहाणेचा अंगठा नीट करायला खाली वाकला, तो वाकलेलाच राहिला. वर बघायची त्याची छाती झाली नाही.

बाळ रडलं. मुलगी होती. पण बकुळेचं रक्त थांबेना. "पोट चोळ! जोरात चोळ!" भिवराई घसा फोडून सांगत होती. केवडाने ते काम आयुष्यात कधी केलं नव्हतं. मग एकाएकी झोपडीतून बकुळेचं कण्हणं ऐकू येईना.

केवडा बाहेर आली. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते. ती पाटलांकडे पाहून म्हणाली, "आता ठरवा सावकाश."

भिवराईने डोळे पुसले. पदर खोचला आणि शीव ओलांडली. पुन्हा ती गावात गेली नाही.

आता ऐका, पुढे काय झालं ते. शिवेचे दगड पुरुषांनी हलवले होते, पण बाळंतपणं काही पुरुषांना नव्हती. गावच्या लेकीसुना कळा देत गाडीतून माळावर येऊ लागल्या. भिवराई कुणालाच नाही म्हणाली नाही. केवडा पाणी उकळायची, त्यांचे हात घट्ट धरून बसायची. त्या तिच्या हातचं पाणी प्यायच्या. परतताना मात्र शिवेवर गावकरी आईवर आणि बाळावर गोमूत्र शिंपडत आणि मगच दोघांना आत घेत. ज्यांची गाडी वेळेवर पोचली नाही, अशा काही जणी वाटेतच गेल्या.

पाटलांची सूनही माळावरच बाळंत झाली. घरी आल्यावर ती सासऱ्यांना म्हणाली, "मामंजी, दगड होते तिथे नेऊन ठेवा. केवडाबाईंनी मला आईसारखं धरलं हो."

"बायकांनी शिवेच्या गोष्टीत तोंड घालू नये," पाटील म्हणाले.

पण सुनेचं बोलणं त्यांना टोचलं. आपला नातू प्रथम केवडाच्या हातांत रडला, हे दुसऱ्या गावांत लोक हसून सांगतात, हे तर अधिकच टोचलं. त्यांनी गुपचूप शिपायांना निरोप दिला, "नेमलेल्या जागेबाहेर धंदा चालतो. कायदा आहे ना?"

शिपाई आले. कायद्यात दोघांनाही शिक्षा होती. पण त्या दिवशीही पुष्कळ बैल हरवले होते. फटके फक्त बायकांना बसले. भिवराई मध्ये पडली, तर तिलाही बसले.

सकाळी केवडाने बकुळेची पोर खांद्याशी धरली. भिवराईने तिचा हात धरला. साऱ्याजणी नदी उतरून परक्या राज्यात निघून गेल्या. त्यांना निरोप द्यायला कुणी आलं नाही. तिन्ही गावांत मात्र साखर वाटली.

पुढच्या वर्षी पाटलांची सून पुन्हा बाळंत व्हायची होती. गाडी न्यायची कुठे, हेच कुणाला कळेना. ती गेली, आणि पोटातलं बाळही गेलं. मग दुसऱ्या घरची, मग तिसऱ्या घरची. ही बातमी लांबपर्यंत पसरली. तिन्ही गावचे बाप मुलांसाठी सोयरीक घेऊन जात, तेव्हा मुलींचे बाप विचारत, "घर चांगलं, शेती चांगली. पण आमच्या पोरीचं बाळंतपण कोण करणार?"

"देव आहे की."

"देव आमच्याकडेही आहे, पाहुणे. शिवाय सुईणही आहे. आमची पोर आमच्याकडेच बरी."

मुलांची लग्नं होईनात. लेकी परगावी सासरी गेल्या, सुना माहेरी परतल्या. मुलं परगावी निघून गेली. म्हाताऱ्या एकेक करून संपल्या. अखेरीस पारावर चार म्हातारे उरले. वाटसरूने विचारलं, की ते छाती पुढे काढून सांगत, "आमचं गाव स्वच्छ. तसली एकही बाई आमच्या शिवेत नाही."

ते खरंच होतं. आता त्या शिवेत कुठलीच बाई नव्हती.

तात्पर्य: पापातला स्वतःचा वाटा झाकून जे गाव शिक्षा तेवढी बाईच्या पदरात टाकतं, ते गाव शुद्ध होत नाही, ओसाड होतं.