काठावरच्या वस्तीचं नाव

"…अन् नाव असं पायजे महाराज, का नदीनं आयकलं तर दोन पावलं मागं सरकली पायजे. हाय का तुमच्यापाशी असं नाव?"

पूरणगीर गोसाव्याने डोळे उघडले नाहीत.

"नदीले कान हायेत का रे तानबा?"

तानबाने पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

तो या गोसाव्याचा जुना शिष्य. तरुणपणी दोन वर्षं त्याने इथल्या धुनीला लाकडं घातली होती, चार श्लोक पाठ केले होते, आणि तेवढ्यावर आपल्याला सगळं उमगलं असं समजून निघून गेला होता. आता पंचवीस वर्षांनी, चैत्राच्या उन्हात सकाळपासून चालून, तो मठीच्या ओट्यावर येऊन बसला होता.

प्राणहितेच्या अलीकडच्या काठावर त्याने नवी वस्ती बसवली होती. बावीस घरं. पलीकडच्या काठापासून दुसऱ्याचं राज्य. नदी जिथे पायी ओलांडता येते तिथे आपली माणसं असावीत, म्हणून सरकारने ही जागा दिली होती. आणि वस्ती काठावर टिकली तर तानबाला पाटिलकी. परवा सरकारी कारकून सनद घेऊन यायचा होता. सनदेत गावाच्या नावाची जागा तेवढी कोरी होती.

"लोक काय म्हनतात वस्तीले?"

"काईच नाई. 'तिकडं' म्हनतात. तिकडं चाललो, तिकडून आलो."

"चांगलं हाय की."

"सनदेत 'तिकडं' लिहायचं का जी?"

गोसावी हसला. तानबाला हसू आलं नाही.

"मी तीन नावं काढली," तो म्हणाला. "अभयपूर. अढळगाव. अन् तिसरं… मायाच नावाचं. तानबापूर."

"मंग घे त्यातलं येक."

"घशातून निघत नाई महाराज."

गोसाव्याने आता त्याच्याकडे पाहिलं. डोळे लाल, गाल बसलेले. ज्या माणसाला पाटिलकी मिळायची आहे, तो असा दिसत नाही.

"झोपतं का?"

"…नाई."

"कवापासून?"

"पौषापासून."

"म्हंजे वस्ती बसली तवापासून."

गोसावी उठला, आत गेला आणि मूठभर तांदूळ घेऊन आला.

त्या मुलखात नवं गाव बसवायचं तर आधी जमिनीला विचारावं लागे. संध्याकाळी पानांवर तांदळाच्या पाच ढिगल्या मांडायच्या, जागेच्या चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक, आणि वर मडकी पालथी घालायची. उजाडायच्या आधी म्होरक्याने मडकी उचलून पाहायची. ढिगल्या शाबूत असल्या तर जमिनीने जागा दिली. विखुरल्या असल्या तर गठुडी उचलायची आणि पुढची वाट धरायची. कडेवर तान्हं पोर असो की पाठुंगळी म्हातारं, या निकालापुढे कुणी हुज्जत घालत नसे.

गोसाव्याने ओट्यावर तांदळाची एक ढिगली केली. तानबा बघत होता. मग गोसाव्याने बोटाने तिला टिचकी मारली. दाणे पसरले.

तानबाचा हात पुढे गेला. तळहाताच्या कडेने त्याने दाणे सावडले, ढिगली उभी केली, तिचं टोक चिमटीने नीट केलं. सगळं इतकं सराईतपणे, की हात काय करतोय हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा ढिगली पुरी झाली होती.

हात तिथेच थबकला.

"किती?" गोसाव्याने विचारलं.

"…तीन."

"बोल."

"आधीच्या दोन जागी खऱ्याच मोडल्या होत्या जी. दोनदा गठुडी उचलली. तिसऱ्या बारीले माई सून नववा महिना घिऊन चालत होती. म्हातारा आडकू रगत ओकत होता. मी पहाटे येकटाच गेलो. मडकं उचललं… मुंगळ्यानं नेलं का उंदरानं, देव जाने. तीन मोडल्या होत्या. मी सावडल्या. अन् मंग हाक मारली सगळ्याइले."

"सून कशी हाय?"

"सुखरूप. नातू झाला."

"अन् आडकू?"

"बसते उन्हात. पोराले खेळवते."

"मंग काऊन झोपत नाई तू? मुंगळ्याच्या भेवानं?"

तानबाचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. त्याने दोनदा ओठ ओले केले. पुढचं बोलताना त्याचा आवाज इतका खाली गेला की गोसाव्याला पुढे वाकावं लागलं.

"काठावर अर्जुनाचं झाड हाय. त्याच्या फांदीत, माया डोक्याच्या दोन हात वर, वाळलं गवत अन् काटक्या गुतल्या होत्या. कवातरीच्या पुराच्या." तो थांबला. "घरं त्या पुराच्या खुनेखाली हायेत जी. सगळी बावीस."

"लोकाइनं पाह्यलं?"

"नाई. मी झाडावर चढलो… काढलं अन् जाळलं."

गोसाव्याने ओट्यावरची ढिगली मोडून तांदूळ मुठीत घेतले.

"वर जागा नाई का?"

"हाय. अर्ध्या कोसावर माळ हाय. पन काठ सोडला का सनद गेली."

"अन् पाटिलकी?"

"…तेबी."

"आषाढाले किती दिस?"

"तीन महिने." मग तो एकदम गोसाव्याच्या पायांवर पडला. "म्हनून तं आलो जी! तुमी सिद्ध मानूस. तुमच्या तोंडचं नाव पडलं का पूर येनार नाई. लोकबी म्हनतील, महाराजानं नाव देल्लं, आता भेव नाई."

"लोकाइले भेव नाईच हाय." गोसाव्याने पाय मागे घेतले. "सगळं भेव तुयापाशी. बावीस घराइचं भेव तू येकटा खाऊन राह्यला. वाटून दे त्याइले."

"मारतील मले."

"मारतील."

"नाई मारलं तरी थुकतील. सून नातवाले घिऊन जाईन. आडकू… त्यो मले देव म्हनते महाराज."

"हं."

तानबा रडला. पन्नाशीचा, मिशांचा माणूस, ओट्यावर बसून हमसून हमसून रडला. गोसाव्याने त्याला थांबवलं नाही आणि पाठीवर हातही ठेवला नाही. पाण्याचा लोटा तेवढा जवळ सरकवला.

ऊन कलल्यावर तानबा उठला. धोतर झटकलं. जायला वळला आणि पुन्हा थांबला. विचारायची सवय जात नाही.

"समजा सांगतलं," तो म्हणाला. "पन परवा कारकून येईन. त्याले नाव काय सांगू?"

गोसाव्याने डोळे मिटून घेतले होते.

"उद्या गेल्या गेल्या सगळ्याइले जमा कर. आधी झाडाचं सांग, मंग तांदळाचं. ते आयकून लोक तुले ज्या नावानं हाक मारतील… तेच लिहू दे."