पिस्त्याची खेळणी

“...तर आता आठवं कुठलं घ्यावं, एवढंच सांगा.”

मिरीकरांनी पिशवी ओट्यावर उपडी केली. सात खेळणी घरंगळत बाहेर आली.

सटवाजीबाबांनी एक उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि कानाशी नेऊन हलवलं.

“वाजत न्हाई.”

“वाजायचं नाही ते. यात खाऊ लपवायचा. झाकणं नीट क्रमाने सरकवली तरच मिळतो. डोक्याला चालना मिळते.” मिरीकरांचा आवाज चढला. “आमच्या पिस्त्याने चार मिनिटांत उघडलं. शेजाऱ्यांचं कुत्रं अजून तेच खेळणं चावत बसलंय.”

पिस्ता म्हणजे त्यांचं कुत्रं. पिंगट रंगाचं, पाच वर्षांचं, चांगलं दांडगं. आत्ता ते दीपमाळेच्या सावलीत जमिनीला हनुवटी लावून पडलं होतं. पुढचा उजवा पाय त्याने स्वतःच चावून चावून लाल केला होता.

मिरीकर पुण्याचे, मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मुलगी जर्मनीत असते. तिच्याकडे सहा महिने जायचं म्हणून नवरा-बायको आधी खंडोबाच्या टेकडीवर तळी भरायला आले होते. तळी झाली, बायको खाली गाडीत जाऊन बसली. कुत्रं बरोबर आणावं लागलं, कारण चार दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं आणि न खाणारं कुत्रं सांभाळायला कुणी घेईना. पुजारी म्हणाला, “कुत्र्याचं विचारायचं तर सटवाजीबाबांना विचारा. पासष्ट वर्षं देवाचं कुत्रं आहेत ते.”

आणि ते खरंच होतं. सटवाजीबाबा वाघ्या. आईबापांनी नवस फेडायला सहाव्या वर्षी त्यांना इथे सोडलं, तेव्हापासून ते याच पायऱ्यांवर. सणाच्या दिवशी कोटंब्यात, म्हणजे वाघ्याच्या त्या लाकडी भिक्षापात्रात, नैवेद्य वाढला की वाघ्यांनी हातापायांवर यायचं, भुंकायचं, एकमेकांवर गुरगुरायचं आणि थेट तोंडानेच खायचं. लोक आधी त्यांना हसतात, मग त्यांच्याच पाया पडतात. लोकांचं काय, त्यांना दोन्ही जमतं.

बाबांनी दुसरं खेळणं उचललं. रबराचा पोकळ गोळा होता.

“ह्यो?”

“आत चीज भरायचं आणि फ्रीजमध्ये गोठवायचं. तो चाटत बसतो. तासभर सुटका.”

“कुनाची?”



“त्याचीच. कंटाळ्यातून.”

“हं...”

“बाबा, मी याचा बराच अभ्यास केलाय. कुत्र्याची बुद्धी फार झाली की त्याला साधी कोडी पुरत नाहीत. तो आतून उपाशी राहतो. याला पुरेल असं कोडंच बाजारात मिळेना, हे खरं दुखणं आहे.”

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैलाच्या जागी कुत्रं होतं, एवढंच. पण मिरीकरांचं कुत्र्यावर प्रेम नव्हतं, असं मात्र कुणी म्हणू नये. चार रात्री ते त्याच्याशेजारी फरशीवर उशी घेऊन झोपले होते. डॉक्टर म्हणाले होते, अंगात काही दोष नाही, पण असंच चाललं तर आठवडाभरही निघणार नाही. हे मिरीकरांनी बाबांना सांगितलं. विमान मंगळवारचं होतं, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं.

बाबांनी गोळा हातात तसाच धरून विचारलं, “खेळनं कवा देता?”

“रोज सकाळी. ऑफिसला निघताना.”

“आन् सांच्याला?”

“क्लबला जायचं असेल तर.”

“घरात बसला आसताना?”

“तेव्हा कशाला? तेव्हा आम्ही असतोच की.”

“पयलं कवा दिलं हुतं?”

मिरीकरांना आठवायला वेळ लागला नाही.

“मुलगी गेली त्या सकाळी. कुत्रं तिचंच. तिच्या पायाशी झोपायचं. तिची बॅग बघून आदल्या दिवसापासून घरभर रडत फिरत होतं. तीही रडायला लागली. म्हटलं, अशाने विमान चुकेल. मग हाच गोळा भरला, मागच्या बाल्कनीत त्याच्यापुढे ठेवला आणि पुढच्या दाराने बॅगा काढल्या.” ते किंचित हसले. “पत्तासुद्धा लागला नाही त्याला. युक्ती माझीच.”

“मंग?”

“मग काय... गोळा संपवून आला. सगळ्या खोल्या हिंडला. दोन दिवस तिच्या दाराशी बसून होता.”

“दुसरं कवा दिलं?”

“आम्ही गोव्याला गेलो तेव्हा.”

“तिसरं?”

मिरीकर ओट्यावरची खेळणी एका ओळीत लावू लागले.

“सातवं?”

...

खालच्या पायऱ्यांवर कुणीतरी नारळ फोडला. पिस्त्याने कानही हलवला नाही.

“हुशार हाय कुत्रं,” बाबा म्हणाले. “शिकलं.”

शब्द मिरीकरांना बरोबर लागला. लागला म्हणूनच ते चिडले.

“बाबा, चूक कोणाची हे विचारायला मी आलो नाही. कुत्रं मरतंय माझं. उपाय असेल तर सांगा.”

बाबा उठले. कोपऱ्यातून कोटंबा आणला. पानावरची अर्धी भाकरी त्यात कुस्करली, वर वाटीभर दूध ओतलं आणि कोटंबा पिस्त्यापासून चार हातांवर ठेवला.

मग डोक्याचं मुंडासं काढून त्यांनी बाजूला ठेवलं आणि एकाहत्तर वर्षांचे सटवाजीबाबा हातापायांवर आले.

ते भुंकले.

मिरीकर दचकले. आवाज माणसाच्या घशातला वाटतच नव्हता.

पिस्त्याने एक डोळा उघडला.

बाबांनी तोंड कोटंब्यात घातलं. खाताना गुरगुरले, मान तिरकी करून पिस्त्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाऊ लागले. दूध दाढीवरून ओघळलं.

पिस्ता उभा राहिला. पाय लटपटत होते. एक पाऊल टाकलं, थांबला, हवा हुंगली. मग तोही गुरगुरला, अगदी बारीक, घरात कित्येक महिन्यांत न काढलेल्या आवाजात. बाबांनी त्याला खांद्याने ढकललं. त्याने बाबांना डोक्याने ढकललं. आणि मग म्हातारा अन् कुत्रं एकाच कोटंब्यात तोंड घालून खाऊ लागले.

मिरीकर रडत होते. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, “खाल्लं... खाल्लं हो त्याने.”

बाबा बाजूला सरकले. हातापायांवरच होते.

“आता तुमी.”

“मी?”

“अजून हाय तळाला.”

मिरीकरांनी कोटंब्याकडे पाहिलं. मग पायऱ्यांकडे पाहिलं. एक कुटुंब तिथे थांबून मोबाइलवर चित्रण करत होतं. मग त्यांनी आपल्या पांढऱ्या पॅन्टकडे पाहिलं.

“माझ्या गुडघ्यांना त्रास आहे, बाबा.”

“बरं.”

“म्हणजे... तत्त्व कळलं मला. सोबत, स्पर्धा, बरोबर? घरी करून बघेन. रोज साधारण किती मिनिटं करावं लागेल?”

“त्यो जित्ता हाय तवर.”

मिरीकर हसायला गेले. पण बाबांच्या तोंडावर हसू नव्हतं.

...

खालून गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग थांबून दोनदा.

पिस्ता शेपटी हलवत कोटंबा चाटून स्वच्छ करत होता. मिरीकर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या मनात जे आलं ते आधी त्यांनाच लाजिरवाणं वाटलं. मग ते तितकंसं लाजिरवाणं वाटेना. मग त्यातच कुत्र्याचं भलं आहे, असं वाटायला लागलं. एवढा प्रवास त्यांच्या मनाने पुढचा हॉर्न वाजायच्या आत केला.

“बाबा, घरी चार दिवस खाल्लं नाही ते इथे खाल्लं. इथे तो रमेल.”

बाबा उठून बसले. मुंडासं बांधू लागले.

“सहाच महिने. तुमच्याइतकं त्याला कोण समजून घेणार? परत आलो की पहिल्यांदा इथेच. न्यायला मी येतोच.”

“व्हय. आसंच म्हनत्यात.”

मिरीकरांना होकार हवा होता. तो यातच आहे, असं त्यांनी धरलं.

त्यांनी पिस्त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. कानामागे खाजवलं. हात काढवेना. पुन्हा हॉर्न वाजला. मग त्यांनी झटकन रबराचा गोळा उचलला, पानावर उरलेली भाकरी त्यात दाबून भरली आणि चक्क दोन्ही गुडघे टेकून तो पिस्त्याच्या पुढ्यात ठेवला.

“घे राजा. बघ काय आहे आत.”

पिस्त्याने गोळ्याकडे पाहिलंच नाही. तो मिरीकरांच्या तोंडाकडे बघत राहिला. शेपटी हलायची थांबली.

मिरीकर पाठमोरे झाले. दीपमाळेला वळसा घालून मागच्या बाजूने एक पाऊलवाट खाली उतरत होती. पायातल्या चपला हातात घेऊन, आवाज होणार नाही अशा बेताने ते तिकडे निघाले.

“सायेब.”

ते थांबले.

बाबांनी गोळा उचलला. चालत येऊन त्यांच्या हातात ठेवला.

“ह्ये घिऊन जावा. आन् जायचं तर त्येच्या डोळ्यांम्होरनं जावा.”