कॅमेऱ्याची चाल

“...पण मग फिल्म अडखळते कशानं, सर?”

हिरेमठ सर पडद्याकडे बघत होते. पडद्यावर एक सभागृह गिरक्या घेत होतं.

“मधे अजून सीन घालू का?” केतकीनं विचारलं.

“घाल की.”

“कालच घातले. तरी झटके बसतात.”

“मग अजून घाल.”

केतकी शेंडुरेनं ओठ आवळले. वास्तुकलेच्या पदवीला ती कॉलेजात पहिली आली होती. कागदावर इमारत काढणं म्हणजे तिच्या हातचा मळ. संगणकावर ती इमारत उभी करायची आणि तिच्यातून कॅमेरा फिरवायचा, हे मात्र नवं होतं. त्यासाठी ती मिरजेतल्या सरांच्या या माडीवरच्या क्लासात यायला लागली होती, आणि आपल्याला इथे नवशिकी म्हणतात याचा तिला रोज नव्यानं राग येई.

खरं तर काम सोपं दिसतं. इमारतीत एका जागी कॅमेरा ठेवायचा आणि तिथून दिसेल ते दृश्य जपून ठेवायचं. मग पुढच्या जागी दुसरं. अशा एकेका दृश्याला सीन म्हणतात. एका सीनपासून दुसऱ्या सीनपर्यंतची वाट सॉफ्टवेअर आपलं आपण चालतं. केतकीला वाटलं, सीन जितके जास्त तितकी फिल्म अलगद. नवशिक्यांना असंच वाटतं. हुशार नवशिक्यांना तर फारच वाटतं.

“सर, माझं मशीन कमी पडतंय का?”

“बदल.”

“की सॉफ्टवेअरच...”

“तेही बदल.”

“तुम्ही थट्टा करताय माझी.”

“हं,” सर म्हणाले.

थट्टा झेपावी अशी केतकीची मनःस्थिती नव्हती, आणि त्याला कारणही तसंच होतं.

ते सभागृह गायन विद्यालयाचं होतं. म्हणजे अजून नव्हतं, व्हायचं होतं. लहानपणी केतकी त्याच विद्यालयात गाणं शिकली, पत्र्याच्या छपराखाली. पाऊस लागला की पत्रा इतका वाजे की सुमतीबाई कुरुंदवाडे हाताच्या खुणेनं तास थांबवत आणि मुली भिंतीला टेकून पाऊस संपायची वाट बघत. आता विद्यालयाच्या मंडळानं नवी इमारत बांधायचं मनावर घेतलं होतं. तेवढ्यात एक कंत्राटदार तयार शेडचं चित्र घेऊन आला. चकचकीत निळी शेड, पण वर पुन्हा पत्राच.

केतकी पेटून उठली. तिनं स्वतःहून आराखडा केला. जाड भिंती, कौलांचं छप्पर, उंचावर झरोके. पण मंडळाला नकाशे काही वाचता येईनात. म्हणून ही फिल्म.

मागच्या रविवारी ती दाखवून झाली होती. मंडळींनी तोंड भरून कौतुक केलं. कॉम्प्युटर फार भारी आहे, म्हणाले. कार्यवाह नरगुंदेकाकांना गरगरायला लागलं, त्यांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर सगळे शेडविषयी बोलायला लागले. सुमतीबाईंनी शब्द टाकला म्हणून येत्या रविवारी आणखी एकदा दाखवायचं ठरलं. तेव्हाही जमलं नाही, तर शेड.

“सर, रविवारी निकाल आहे,” केतकी म्हणाली. “त्या मुलींच्या डोक्यावर परत पत्रा येईल.”

सर उठले. आपली चाकांची खुर्ची त्यांनी तिच्यापुढे ढकलली.

“बस.”

“मी?”

“बस गं.”

ती बसली. सरांनी मागून खुर्ची धरली आणि दोन्ही बाजूंच्या संगणकांमधून ढकलायला सुरुवात केली. पहिल्या टेबलाशी कचकन थांबले. खुर्ची टेबलाकडे वळवली, पुन्हा सरळ केली, ढकलली. दुसऱ्या टेबलाशी तेच. तिसऱ्याशी एक पूर्ण गिरकी. क्लासातली पोरं काम सोडून बघायला लागली. केतकीनं खुर्चीचे हात घट्ट धरले. असं करत करत सरांनी तिला गॅलरीच्या दारापर्यंत नेलं, तिथेही एक गिरकी दिली आणि तसंच परत आणलं.

“काय बघितलंस?”

“काही नाही... कधी थांबता आणि कधी फिरवता, याचीच धास्ती होती.”

“गॅलरीत काय होतं?”

“दिसलं नाही.”

“असं कसं? मी सगळं दाखवलं की तुला.”

सरांनी खुर्ची पुन्हा मागून धरली. या वेळी ते नुसते चालले, त्यांच्या नेहमीच्या चालीनं. टेबलं आली नि गेली. टेबलांमधला बोळ जिथे वळत होता तिथे खुर्ची वळली. गॅलरीच्या दाराशी वेग कमी कमी होत गेला आणि खुर्ची कधी थांबली ते केतकीला कळलंच नाही.

“आता?”

“शेजारच्या काकूंनी सांडगे वाळत घातलेत. पांढऱ्या धोतरावर. एका कोपऱ्याला दगड ठेवायचा राहिलाय, तो कोपरा उडतोय...”

“होय?” सर म्हणाले. “मी तर काहीच दाखवलं नाही.”

बराच वेळ केतकी त्या उडणाऱ्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

मग ती जागेवर जाऊन बसली आणि सीन पुसायला लागली. खांबाभोवतीची गिरकी गेली. फरशीच्या नक्षीजवळ कॅमेरा नाक घासत होता, तो सीन गेला. प्रत्येक सीनवर कॅमेरा क्षणभर थांबेल अशी सोय तिनंच करून ठेवली होती, लोकांना नीट दिसावं म्हणून. ती तिनं काढून टाकली. काढताना तिला स्वतःचीच लाज वाटली. झटके फिल्मला दुसऱ्या कुणी दिले नव्हते.

एका सीनपाशी मात्र तिचा हात थबकला. त्यात कॅमेरा आभाळातून यायचा, कौलांवरून घसरायचा आणि झरोक्यातून सूर मारून आत उतरायचा. केतकीचा हा सगळ्यात लाडका सीन होता.

“सर, हा ठेवू?”

“तुझ्या सभागृहात छपरावरून कोण येतं?”

“कुणी नाही... फार तर मांजर.”

“मग मांजराला दाखव.”

पोरं हसली. केतकीही हसली, आणि हसता हसता तिनं तो सीन पुसला. पुसल्यावर हळहळ वाटली ती वाटलीच. झरोके तिच्या आराखड्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट होती.

उरले ते थोडेसे सीन. फाटक, भिंतीकडेची वाट, पायऱ्या, उंबरा, आत. कॅमेरा तिनं माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर आणला. वेग ठरवायला ती खरोखरच गॅलरीतून चालत सुटली, मनात अंक मोजत. सुमतीबाई चालतात तशी, एका गुडघ्यावर भार न देता.

“झालं, सर,” शेवटी ती म्हणाली. “बघता?”

सरांनी बघितलं.

“काही राहिलंय का?”

“आत गेल्यावर काय करतेस?”

“आत गेल्यावर... फिल्म संपते.”

“आत जाऊन उभीच राहतेस?”

एवढंच बोलून ते दुसऱ्या मुलाच्या पडद्याकडे वळले. केतकीनं पुन्हा दोनदा विचारलं, पण त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

ती चिडली. घरी गेली, जेवली, चिडूनच भांडी घासली. आत जाऊन उभीच राहतेस म्हणजे काय? मग काय करायचं? नाचायचं?... हातातलं पातेलं तसंच राहिलं. गाण्याच्या वर्गात शिरून कुणी कधी उभं राहिलंय का?

दुसऱ्या दिवशी तिनं फिल्मला एकच सीन जोडला. फिल्म नव्यानं तयार व्हायला संगणकाला चित्रामागून चित्र काढायला लावलं, आणि ते काम संपेपर्यंत पडद्यासमोर बसून राहिली. मधे उठायचा तिला धीर झाला नाही.

रविवारी विद्यालयाच्या त्याच पत्र्याखाली पडदा म्हणून चादर बांधली होती. बाहेरून कुणीही येत-जात होतं, म्हणून जमीन धुळीची. सगळे पायात वहाणा घालूनच बाकांवर बसले होते. नरगुंदेकाकांनी आधीच पाण्याचा तांब्या जवळ घेऊन ठेवला होता. हिरेमठ सर शेवटच्या बाकावर टेकले. केतकी भिंतीशी उभी राहिली.

फिल्म सुरू झाली.

फाटक आलं. भिंतीकडेची वाट आली. वाट थांबली नाही, धावलीही नाही. पायऱ्या आल्या. उंबरा आला. आत थंडगार सावली होती. कॅमेरा तीन-चार पावलं गेला आणि मग हळूहळू खाली आला. खाली बसला. जमिनीवर मांडी घालून बसल्यावर दिसतं तसं सभागृह समोर उभं राहिलं. बसल्यावर मान आपोआप वर गेली, आणि तिथे झरोके होते. त्यांतून उतरलेलं ऊन समोरच्या भिंतीवर पडलं होतं.

पहिल्या बाकावर सुमतीबाईंची पाठ ताठ झाली. सूर लावण्याआधी होते तशी. केतकीनं ती पाठ लहानपणापासून बघितली होती, आणि तिचे डोळे भरून आले.

दिवे लागले.

“तंबोरे त्या भिंतीला नकोत,” बाई म्हणाल्या. “ऊन येतंय तिथं.”

“मग कुठं ठेवणार?” नरगुंदेकाका म्हणाले. “दाराशी वारा लागेल.”

“दारापासून हात-दोन हात आत. आहे की जागा.”

“पायऱ्यांना कठडा पायजे. माझं काय, तुमच्या गुडघ्यासाठी म्हणतोय.”

“माझ्या गुडघ्याचं मी बघेन. तुम्ही पोरींच्या दप्तरांचं बघा. ती कुठं ठेवायची?”

बोलणं वाढत गेलं. कोण कुठे बसणार, तबला कुणाच्या डाव्या हाताला, लहान मुलींना पुढे घ्यायचं की कडेला. दोघंतिघं एकदम बोलत होते. शेडचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. मधेच नरगुंदेकाकांच्या लक्षात आलं की ठराव व्हायचा राहिलाय. त्यांनी घाईघाईनं हात वर करायला सांगितलं, सगळे हात वर गेले, आणि लोक पुन्हा तंबोऱ्यांवर आले. तांब्यातलं पाणी तसंच होतं.

केतकी जिंकली होती. तिला वाटलं, या पत्र्याखालीच मोठ्यानं एक तान घ्यावी. पण कुणाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. एकानंही फिल्मबद्दल चकार शब्द काढला नव्हता. कॉम्प्युटर भारी आहे, असंसुद्धा कुणी म्हटलं नाही. आनंदातही तेवढं तिला खुपलंच.

ती शेवटच्या बाकाशी गेली.

“सर, ठराव झाला.”

“ऐकलं.”

“तुम्ही तरी सांगा ना... फिल्म कशी झाली?”

सर उठून बाहेर निघाले होते. धुळीत त्यांचे पाय अनवाणी होते. केतकीनं बाकाखाली बघितलं. त्यांच्या चपला तिथेच होत्या, एकमेकींना लावून नीट ठेवलेल्या.

“सर, चपला...”

हिरेमठ सरांनी मागे वळून चपलांकडे बघितलं, मग चादरीकडे, मग तिच्याकडे.

“उंबरा आला तेव्हाच काढल्या की मघाशी. आत कशा न्यायच्या?”