आवडीची फळी

त्या पुढच्या फळीवर बसू नका, ताई. बॅगसुद्धा नको, मांडीवर घ्या. “एवढी जागा रिकामी आणि आम्ही चेंगरून बसायचं?” असं सगळेच विचारतात. कालवी बेटावरून परतणाऱ्या प्रत्येक होडीत ती फळी अशीच मोकळी असते. हसू नका, दादा. भरती लागलीय, होडी तरंगेपर्यंत सांगून टाकतो.

पूर्वी आमच्या गावच्या बायका या खडकांवर कालवं फोडायला यायच्या म्हणे. होडी साबाजी तांडेलाची. टोपली होडीत आली की बाई आली, असा त्याचा हिशेब. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा त्याची बायको आवडी टोपली होडीत ठेवून, खडकावर विसरलेली कोयती आणायला मागे फिरली. तेवढ्यात वादळ उठलं. बायका डोक्यावरून कांबळी ओढून बसलेल्या. साबाजीनं टोपल्या मोजल्या आणि होडी लोटली. गावच्या किनाऱ्याला लागल्यावर एक टोपली उचलायला कोणीच पुढे येईना.

साबाजी तसाच परत फिरला, पण लाटांनी होडी वाळूवर आणून आपटली. रोज लोटायचा, रोज तेच. दर्या एकदा खवळला की नारळी पुनवेपर्यंत कोणाच्या बापाचं ऐकत नाही. आवडीचं पोर अजून अंगावर पीत होतं. सासू त्याला रोज सांजेला किनाऱ्यावर आणून उंच धरायची आणि इकडून आवडी पदर हलवायची, असं सांगतात. घराचा धूर दिसतोय, पोर दिसतंय आणि मधे हे एवढंच पाणी. त्यापेक्षा तुरुंग बरा, निदान समोर भिंत तरी असते. कातळातल्या खळगीतलं पाणी प्यायची, कालवं खायची. एका सांजेला पदर हलला नाही. म्हातारी पोराला धरून काळोख पडेपर्यंत तशीच उभी होती.

पुनवेला दर्याला नारळ वाहून साबाजी आला. कोयती तेवढी कातळावर नीट ठेवलेली होती. आवडी नव्हती. ती कोयती कपाळाला लावून त्यानं शपथ घेतली, की हाक मारल्याशिवाय इथून होडी सुटणार नाही आणि आवडीची जागा दुसऱ्या कोणाला मिळणार नाही. ते पोर म्हणजे माझ्या आज्याचा आजा.

आजही बॅगा होडीत आल्या म्हणून माणसं आली असं आम्ही धरत नाही. डोकी मोजतो. मग बेटाकडे तोंड करून हाक मारतो. आता गप्प बसा जरा, मोबाइल खाली घ्या.

“आवडे, येतंस गो?”

ओ येत नाही. माझ्या बापालाही कधी आली नाही. तरी थोडं थांबायचं असतं. आली तर जागा आहे.