माळावरचा गोल धोंडा

"मग निघू का, बाबा?"

निरंजनबाबा मठीच्या दारात ऊन खात बसले होते. त्यांचा शिष्य इरबा खांद्यावर पडशी टाकून समोर उभा होता.

"कुठं?"

"नर्मदेला. परिक्रमा करतो. तिथले गोटे बघा, वाहून वाहून कसे गुळगुळीत होतात. इथं बसून माझा राग काही जात नाही. काल पुन्हा गुंडेरावच्या अंगावर धावून गेलो."

गुंडेराव मठीतला स्वयंपाकी.

"जा," बाबा म्हणाले. "फक्त तो धोंडा कुठून वाहत आला, तेवढं सांग अन् जा."

मठीमागं माळावर हत्तीएवढा करडा धोंडा होता. अंड्यासारखा गोल.

त्यात काय, अशा तोऱ्यात इरबा गेला. धोंड्याभोवती हिंडला. माळ उंचावर... आसपास नदी नाही, ओढा नाही. पुन्हा हिंडला.

चुलीपासून गुंडेराव ओरडला, "काय रे इरबा, आता धोंड्याशीही भांडलास का? प्रदक्षिणा घालून मनवतोयस?"

इरबाच्या कपाळाची शीर तटतटली. तेवढ्यात बाबा काठी टेकत आले.

"वाहत नाही आला," इरबा पुटपुटला.

बाबांनी त्याला पलीकडं नेलं. तिथं नवी विहीर खणणं चाललं होतं. आत मुरमात तसलाच दगड दिसत होता, पण चौकोनी. कोपरे तेवढे कुजल्यासारखे भुसभुशीत.

"आपला धोंडाही आधी असाच चौकोनी, जमिनीत होता," बाबा म्हणाले. "चिरांतून पाणी मुरतं. कोपऱ्याला सगळीकडून लागतं, म्हणून आधी कोपरा जातो. पुढं वरची माती पावसानं धुऊन नेली. धोंडा उघडा पडला. तरी झिजतोच आहे."

परत येऊन त्यांनी धोंड्याचा एक पापुद्रा बोटांनी सोडवला अन् इरबाच्या तळहातावर ठेवला. भाकरीच्या पापुद्र्यासारखा तो निघून आला होता.

"म्हणजे... हा जागचा हललाच नाही?"

"नाही."

इरबा बराच वेळ धोंड्यावरून हात फिरवत राहिला. ऊन अंगाला बरं वाटत होतं.

मग त्यानं पडशी खाली ठेवली.

"पण बाबा, गुंडेराव टोचून बोलतो हो. बाराही महिने."

बाबा हसले.

"नशीबवान आहेस. धोंड्याला पाऊस चारच महिने मिळतो."