धागा सैल सोडताना

“पण सर, जोडातून एक थेंबही गळला नव्हता. मग हात गार का पडला?”

डॉ. शर्वरी हिरेमठ हात धुता धुता विचारत होती. आत टेबलावर काचकाम करणाऱ्या यल्लाप्पाला भूल देत होते. खिडकीला काच बसवताना तावदान फुटलं आणि कोपराजवळची धमनी तुटली. काल शर्वरीनं ती शिवली... एकटीनं. आज सकाळी मनगटाला नाडी लागेना.

मुजावर सरांनी नळ बंद केला.

“धागा कसा ओढलास?”

“घट्ट. शेवटपर्यंत.” कालचा अभिमान आवाजातून अजून गेला नव्हता.

सर आत वळले.

जखम उघडली. पिशवीचं तोंड आवळावं तशी धमनी जोडापाशी आवळली होती. आत गुठळी.

शर्वरीची मान खाली गेली. “आता तुम्हीच शिवा, सर.”

“माझे डोळे म्हातारे झालेत गं. तू शिव... मी बघतो.”

गुठळी निघाली. खराब कडा कापून तिनं पुन्हा एकेक टाका घातला. शेवटची गाठ ती आवळणार, तेवढ्यात सर म्हणाले,

“सैल.”

“गळेल, सर.”

“गळू दे थोडं. आत्ता ती रिकामी आहे. रक्त आलं की फुगेल. फुगायला जागा ठेव.”

तिनं धागा सैल ठेवून गाठ मारली. रक्त अडवून धरणारा चिमटा सुटला. टाक्यांमधून रक्त झिरपलं. शर्वरीचा हात सुईकडे झेपावला; सरांनी तो वरच्यावर धरला. दुसऱ्या हातानं जोडावर गॉज अलगद टेकवला.

“थांब...”

पाच मिनिटं गेली. सहा. सात...

सरांनी गॉज उचलला. झिरपणं थांबलं होतं. धमनी भरली होती. प्रत्येक ठोक्याला टाक्यांसकट किंचित फुगत होती, पुन्हा बसत होती. यल्लाप्पाच्या बोटांवर हळूहळू गुलाबी रंग चढला.

“नाडी बघ,” सर म्हणाले.

तिनं त्याच्या मनगटावर बोटं ठेवली आणि बराच वेळ काढलीच नाहीत.

बाहेर आल्यावर, मास्क उतरवताना तिनं विचारलं, “सर, रक्त झिरपत होतं तेव्हा तुम्हाला भीती नाही वाटली?”

“वाटली की.”

“मला तर जराही दिसली नाही...”

सर हसले.

“वेडे, नाहीतर तुझा हात कशाला धरला असता?”