अदबीचा चहा

लंडनच्या एका कचेरीत हॅरिंग्टन नावाचे मॅनेजर होते. तिथल्या फणसळकरबाईंच्या इंग्रजी उच्चारांची नक्कल केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली सकाळचा चहा उतरत नसे. बाईंचा चेहरा उतरला की म्हणायचे, "अहो, हे बँटर! याला आम्ही 'टेकिंग द मिकी' म्हणतो. आम्ही आपल्या माणसाचीच टिंगल करतो. अदब परक्यांसाठी!"

एके दिवशी कंपनीचे अध्यक्ष आले. हॅरिंग्टन कमरेत वाकून त्यांना चहा देत "यस सर, यस सर" करू लागले.

बाईंनी सगळ्यांदेखत काळजीनं विचारलं, "साहेब, तुम्ही टिंगल आपल्या माणसाचीच करता ना? मग अध्यक्षांना आपलं कधी मानणार?"

अध्यक्ष म्हणाले, "खरंच की! हॅरिंग्टन, करा पाहू माझी नक्कल."

दुसऱ्या दिवसापासून हॅरिंग्टनसाहेब फणसळकरबाईंना परकं मानू लागले.